मोठेपणाचे माप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या मोठेपणाची उजळणी करण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती गणेशोत्सव झाले, किती नाटके बसली, सभासदसंख्या कोठून कोठे गेली, याचा हिशेब अशा वेळी मांडला जातो आणि तो मांडलाही पाहिजे. तो हिशेब आपल्या चिटणीसांनी अहवालात उत्तम रीतीने दिला आहे. मला त्यांनी विषय निवडण्याची मुभा दिली, तेव्हा मी ठरविले की आपण ‘मोठेपणा’ हाच विषय घ्यावा. मी इतिहाससंशोधक नव्हे. पोलादनिर्मितीच्या शास्त्राशी माझा संबंध नाही. बी. ए. झाल्यापासून केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कार्यालयांत फायली हाताळीत आलेला आणि उरलेल्या वेळात कॅमेऱ्याच्या नादी लागलेला मी एक माणूस आहे. तेव्हा माझ्या विवेचनात मधूनच कॅमेरा डोकावला, तर श्रोत्यांनी तो चालवून घ्यावा.

आपल्या देशात ‘आशियातील सर्वांत मोठे’ असा एक शब्दप्रयोग फार लोकप्रिय आहे. लासलगावची कांद्याची बाजारपेठ आशियातील सर्वांत मोठी, जायकवाडीचे मातीचे धरण आशियातील सर्वांत मोठे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. धारावीच्या झोपडपट्टीलाही हीच पदवी बहाल करण्यात आली, आणि ती सांगतानाही काहींच्या स्वरात किंचित अभिमान असतो, हे विशेष! या दाव्यांची शहानिशा करावयास मोजपट्टी घेऊन कोणी निघत नाही. ‘भारतात सर्वांत मोठे’ म्हटले तर थोडके वाटते, ‘जगात सर्वांत मोठे’ म्हटले तर कोणी पुरावा मागेल अशी भीती असते. आशिया हा त्या दृष्टीने सोयीचा खंड आहे. अभिमानाला पुरेल इतका तो विस्तीर्ण आहे आणि चौकशीला अडचण व्हावी इतका दूरवर पसरलेला आहे.

प्रांताप्रांतांचा, गावागावांचा अभिमानही असाच. पुणेकराला विद्येचा, कोल्हापूरकराला तालमीचा आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा, कोकणी माणसाला हापूसचा, नागपूरकराला संत्र्याचा आणि, खरे सांगायचे तर, तेथील उन्हाचासुद्धा अभिमान असतो. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या या अभिमानाची केलेली गंमत आपण सर्वांनी ऐकली आहे. आपल्या या मंडळातही मोदक उकडीचे की तळलेले, या प्रश्नावर गणेशोत्सवाच्या बैठका लांबल्याचे ज्येष्ठ सभासद सांगतात. महाराष्ट्रात असताना आपण वैदर्भीय, कोकणी, खानदेशी, मराठवाड्याचे असतो. येथे आलो की मराठी होतो. म्हणजे अभिमान नाहीसा होत नाही, त्याची हद्द तेवढी बदलते.

या अभिमानाची केवळ थट्टा करून थांबावे असे मला वाटत नाही. परक्या मुलखात आलेल्या माणसाला तो आधार असतो. परंतु अभिमानाला एखादे माप असावे. माझ्या परीने मी दोन प्रश्न योजिले आहेत. कोणतीही मोठी म्हणून सांगितली जाणारी वस्तू समोर आली की विचारावे : हे मोठे कशासाठी आहे? आणि यात कोणाकोणाचे हात लागले आहेत? या दोन प्रश्नांची उत्तरे देता आली, तर तो मोठेपणा खरा धरावा. आज हेच माप मी आपल्या भिलाईला, नंतर कॅमेऱ्याला आणि शेवटी आपणा मराठी माणसांना लावून पाहणार आहे.

भिलाईच्या मोठेपणाविषयी तुम्हाला मी सांगावे असे नाही. तुमच्यापैकी कित्येकांची हयात त्या भट्ट्यांसमोर गेली. पहिला प्रश्न विचारू : मोठे कशासाठी? येथील रुळांचेच उदाहरण घ्या. १९६० पासून भिलाईचे रूळ भारतीय रेल्वेला जात आहेत. पूर्वी तेरा मीटर लांबीचा रूळ हे नेहमीचे माप होते. आता येथे एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरची एक लांबी तयार होते. पाहुण्यांना हे सांगताना आपली छाती फुगते. पण ही लांबी मिरवण्यासाठी नाही. रुळाचा सांधा ही त्याची दुबळी जागा असते. तेथेच चाकाचा दणका बसतो, तेथेच झीज होते आणि तेथेच डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. तेरा मीटरच्या रुळांनी २६० मीटरचे अंतर भरावयाचे तर एकोणीस सांधे येतात. १३० मीटरच्या रुळांनी एकच. प्रवाशाच्या पोटातले पाणी हलू नये, गाडी सुरक्षित जावी, म्हणून ही लांबी. २०१८ साली सुरू झालेल्या ‘महामाया’ या झोतभट्टीचे आकारमान ४,०६० घनमीटर आहे, हे सांगतानाही तिच्यातून रोज सुमारे आठ हजार टन लोखंड उतरावे अशी ती योजना आहे, हे सांगितले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आता दुसरा प्रश्न : हात कोणाकोणाचे? दल्ली-राजहराच्या डोंगरांत लोखंड आहे, हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील प्रमथनाथ बोस या बंगाली गृहस्थांनी १८८७ च्या सुमारास नोंदविले. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी लोखंडाच्या शोधात फिरत नागपुरास आले असता तेथील संग्रहालयात त्यांनी मध्यप्रांताचा भूस्तरीय नकाशा पाहिला, आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यात दाखविलेल्या लोखंडाच्या खुणा पाहून ते या डोंगरांकडे वळले. कोळसा आणि पाणी यांची सोय बसेना म्हणून टाटांचा कारखाना अखेर साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास उभा राहिला. राजहराचे लोखंड आणखी अर्धशतक वाट पाहत राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे आपल्या नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर व दुर्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. तोपर्यंत आपण एकाच घरचे होतो. तेव्हा खनिज छत्तीसगढचे, त्याची नोंद बंगाली विद्वानाची, नकाशा नागपूरच्या संग्रहालयातला, पहिली दृष्टी एका पारशी उद्योजकाची, यंत्रविद्या रशियाची, आणि राबणारे हात आंध्र, केरळ, पंजाब, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र आणि अर्थातच या भूमीतल्या खेड्यापाड्यांचे. भिलाई कोणाची, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

तरीही माणसाला आपली बाजू निवडल्यावाचून चैन पडत नाही. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राऊरकेल्याच्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीस, भिलाईच्या. त्याच वर्षाच्या अखेरीस दुर्गापूरची भट्टी पेटली. राऊरकेल्याला जर्मन साहाय्य, दुर्गापूरला इंग्रजी, भिलाईला रशियन. मग काय विचारता! जर्मन यंत्र नाजूक पण सुबक, रशियन यंत्र ओबडधोबड पण न थकणारे, असे वाद अनेक वर्षे चालले आणि निवृत्त मंडळींच्या बैठकीत आजही चालतात. ज्या यंत्राशी आपण आयुष्य काढले ते आपलेसे वाटू लागते आणि त्याची निंदा ही आपली निंदा वाटते. यात वाईट काही नाही. परंतु त्या मायेलाच आपण परीक्षणाचा निकाल समजू लागलो की गडबड होते.

नेमकी हीच गोष्ट मी कॅमेऱ्यांच्या जगात पाहिली, म्हणून आता तिकडे वळतो.

माझ्या विद्यार्थिदशेत मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर तो बडोद्याला तयार झालेला ‘आग्फा क्लिक थ्री’ असे. एका रिळात बारा छायाचित्रे. उन्हाची एक खूण आणि ढगांची एक खूण. बाकीचे सारे देवाच्या हवाली. एखाद्या हौशी मामाकडे रशियन ‘झेनिट’ असे आणि त्याच्या वजनाने मान दुखत असे. भिलाईत तर रशियन तंत्रज्ञ राहून गेले. येथील काही जुन्या घरांत अजूनही ‘झेनिट’ आणि ‘झोर्की’ कपाटात जपून ठेवलेले मी पाहिले आहेत. पुढे जपानी कॅमेरे आले आणि हौशी छायाचित्रकारांत दोन पंथ पडले : एक ‘निकॉन’चा, दुसरा ‘कॅनन’चा. शैव-वैष्णवांचे वाद आपण ग्रंथांत वाचले. हे वाद मी कानांनी ऐकले आहेत. एखादे सुंदर छायाचित्र पाहिले की पहिला प्रश्न ‘कॅमेरा कोणता?’ उत्तर आपल्या पंथाचे निघाले तर ‘वाटलेच!’, आणि दुसऱ्या पंथाचे निघाले तर त्या चित्राच्या छायाप्रकाशात एकाएकी दोष दिसू लागतात.

या निष्ठेला व्यावहारिक कारणही आहे. कॅमेऱ्यापेक्षा त्याची भिंगे महाग असतात, आणि एका कंपनीचे भिंग दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहजी बसत नाही. इतकेच नव्हे, तर निकॉनचे भिंग ज्या दिशेने फिरवून बसवावयाचे त्याच्या उलट दिशेने कॅननचे. वर्षानुवर्षांची हाताची सवय ही मनाची श्रद्धा बनते. निकॉनने १९५९ साली घातलेला भिंग जोडण्याचा घाट पुढे दशकानुदशके सांभाळला, म्हणून तो पंथ स्वतःला परंपरेचा पाईक म्हणवी. कॅननने १९८७ साली जुना घाट टाकून नवा घेतला. जुनी भिंगे निरुपयोगी झाल्याने कित्येकांना रडू आले, पण नंतर तेच लोक स्वतःला प्रगतीचे पाईक म्हणवू लागले. आणि २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा नवे घाट आणले. ज्यासाठी इतके वाद घातले ते दोन्ही पक्षांच्या हातून एकाच वर्षी निसटू लागले.

आता या दोन घराण्यांची वंशावळ पाहा. १९३६ साली ‘हान्सा कॅनन’ नावाचा कॅननचा पहिला कॅमेरा विक्रीस आला, तेव्हा त्यावरचे भिंग कोणाचे होते? ‘निप्पॉन कोगाकू’चे, म्हणजे आज जिला आपण निकॉन म्हणतो त्याच कंपनीचे! आणि निकॉनच्या भिंगांची कीर्ती जगभर झाली ती कोणत्या कॅमेऱ्यावर बसून? १९५० साली अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन याने ती जर्मन ‘लायका’ कॅमेऱ्यावर बसविली आणि कोरियाच्या युद्धाची छायाचित्रे काढली. आपल्या रशियन कॅमेऱ्यांचेही तसेच. खारकोव्हच्या अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३० नंतर ‘फेड’ हा कॅमेरा तयार होऊ लागला, तो लायकाबरहुकूम; आणि ‘किएव्ह’ कॅमेऱ्याचे मूळ, महायुद्धानंतर जर्मनीतून सोव्हिएट संघात नेलेल्या ‘काँटॅक्स’च्या यंत्रसामग्रीत. शुद्ध कुळाचा कॅमेरा शोधू गेलात तर हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपणा मराठी माणसांना मुद्दाम सांगावीशी वाटते. कॅननच्या १९३४ मधील पहिल्या नमुन्याचे नाव ‘क्वॅनन’ असे होते. क्वॅनन किंवा कानोन ही जपानी बौद्धांची करुणेची देवता, म्हणजे आपल्याकडील बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. आणि अवलोकितेश्वराचे जगातील एक अत्यंत सुंदर चित्र आहे आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी. निकॉनपंथी मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, आणि कॅननपंथी मित्र लगेच म्हणाला, ‘म्हणजे कॅनन मूळचा महाराष्ट्राचाच!’ अभिमान कसा जन्म घेतो याचे इतके ताजे उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

निव्वळ आकाराच्या मोठेपणाचे काय होते, हेही कॅमेऱ्याचाच इतिहास सांगतो. अमेरिकेच्या कोडॅक कंपनीचा फिल्मच्या धंद्यात एके काळी जगभर दबदबा होता. १९७५ साली, म्हणजे ज्या वर्षी आपले हे मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, त्या कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा पहिला अंकीय कॅमेरा तयार केला. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला तेवीस सेकंद लागत. पुढचा काळ त्या पेटाऱ्यात होता. पण फिल्मवर मोठ्या झालेल्या कंपनीला फिल्म नसलेले जग मनापासून नको होते. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. आपले मोठेपण कशासाठी होते, लोकांच्या आठवणी जपण्यासाठी की फिल्म विकण्यासाठी, या प्रश्नाचे उत्तर तिने वेळेवर दिले नाही.

याउलट, आपल्या मराठी माणसांनी कॅमेरा हाती घेतला तेव्हा काय घडले ते पाहा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, यांनी इंग्लंडहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे केंब्रिजचे यश मिळवून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. मराठी मनाच्या अभिमानाचा तो क्षण विलायती कॅमेऱ्याने टिपला, म्हणून तो कमी मराठी ठरत नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच्या आदल्या वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ दाखविला गेला होता. तेव्हा पहिला कोण, हा वाद आजही रंगतो. दोघेही आपलेच असताना आपण वादाची ही संधी सोडीत नाही! कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर परदेशी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता १९१८ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा घडविला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी पुढे १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ केला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात त्याचा गौरव झाला. तो चित्रपट पाहताना डोळे पुसणाऱ्या एकाही माणसाने कॅमेरा कोणत्या कंपनीचा होता, असे विचारले असेल काय?

येथवर आपण यंत्रांविषयी बोललो. आता तेच माप स्वतःला लावावयाचे आहे, आणि हे काम थोडे अवघड आहे.

छत्तीसगढमधील मराठी माणूस आपला इतिहास सांगू लागला की तो नागपूरकर भोसल्यांपासून आरंभ करतो. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपुरावर आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत होते; तेथील रामटेकडीवरचे मंदिर त्यांच्या नावाने सांगितले जाते. हे सारे खरे आहे आणि ते विसरू नये. परंतु हीच कथा शेजारच्या घरातून कशी ऐकू येते, तेही ऐकावे. तेच भास्करपंत रतनपुराहून पुढे निघून १७४२ मध्ये बंगालवर गेले. आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहत असे. त्या घरच्या आजी नातवाला निजवताना एक अंगाईगीत म्हणत. त्याचा अर्थ मी एकदा सहज विचारला. त्या थोड्या संकोचल्या आणि म्हणाल्या, गाव झोपी गेला आहे आणि मुलखात ‘बर्गी’ आले आहेत, असे त्यात आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी घोडेस्वार. पावणेतीनशे वर्षांनंतरही बंगाली आई त्यांच्या आठवणीने मुलाला झोपवते. ज्या दौडीचे वर्णन वाचताना आपली मान ताठ होते, ती दौड त्या घरात अंगाईतली भीती होऊन राहिली आहे. त्या आजींनी पुढच्या संक्रांतीला आमच्याकडचा तिळगूळ आवडीने खाल्ला आणि आम्ही त्यांच्याकडची पिठी खाल्ली. पण त्या दिवसापासून इतिहासाचा अभिमान सांगताना मी आवाज किंचित खाली ठेवतो.

मग या प्रदेशात मराठी माणसाचे नाव आदराने घेतले जाते ते कोणामुळे? मला दोन नावे सुचतात. पहिले माधवराव सप्रे यांचे. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. छत्तीसगढमधील पत्रकारितेचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो. दुसरे नाव गजानन माधव मुक्तिबोध यांचे. येथून जवळच, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते १९५८ पासून शिकवीत होते. घरात मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी, आणि स्वतः गजाननराव आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले, तोवर त्यांचा स्वतंत्र कवितासंग्रहही निघालेला नव्हता; म्हणजे मोठेपणाची बाहेरची एकही खूण त्यांच्यापाशी नव्हती. आज राजनांदगावला त्यांचे स्मारक आहे. बिंबाजी भोसल्यांनी येथे राज्य केले, सप्रे आणि मुक्तिबोध यांनी येथे दिले. राज्य सरते, दिलेले राहते. शिवाय सप्रे-मुक्तिबोधांना मराठीपण सोडावे लागले नाही. मराठीतले उत्तम ते त्यांनी शेजाऱ्याच्या भाषेत नेऊन ठेविले.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा. सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून मंडळाने काय करावे, याविषयी अनेक सूचना आल्या आहेत. भव्य प्रवेशद्वार, शहरात सर्वांत उंच गणेशमूर्ती, अशा त्या सूचना आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण त्यांच्या आधी एक लहान काम व्हावे अशी माझी विनंती आहे, कारण द्वार पुढच्या वर्षीही बांधता येईल, हे काम मात्र पुढे ढकलता येणार नाही.

भिलाई हे नोकरीचे गाव आहे. सेवानिवृत्ती झाली की क्वार्टर सोडावे लागते. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी मुलांकडे परदेशी जातो. कारखान्याची कामगारसंख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटली आहे आणि नवी मराठी कुटुंबे पूर्वीसारखी येत नाहीत. सामान बांधताना जुने अल्बम एका पेटीत जातात आणि ती पेटी पुन्हा उघडली जाईल याची शाश्वती नसते. गेल्या वर्षभरात मी हौसेने काही घरांतील अल्बम पाहिले. पहिल्या वर्षांचा गणपती, कनातीतले नाटक, सेक्टरमधील हळदीकुंकू, मैत्रीबागेतली सहल. चेहरे ओळखू येतात ते ऐंशीच्या घरातील दोनचार आजी-आजोबांना. मागच्या बाजूला नाव नाही, साल नाही. हे ओळखणारे डोळे मिटले की तो केवळ कागद उरेल, मग तो कॅमेरा निकॉन असो वा बडोद्याचा आग्फा.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या संग्रहातील दहा छायाचित्रे निवडून मंडळाला प्रत काढण्यापुरती द्यावीत. प्रत्येकासोबत चार गोष्टी लिहाव्यात : कोण, कोठे, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने. जुन्या कागदाच्या छायाचित्रामागे मऊ शिसपेन्सिलीने कडेला लिहावे, बॉलपेनने नव्हे. त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. गुळगुळीत रंगीत प्रतींवर पेन्सिल उमटत नाही, त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी करावी. चिकट पानांच्या अल्बममधून चित्रे आता बाहेर काढावीत. तो डिंक पिवळा पडतो आणि चित्रालाही ओढतो. कृष्णधवल चित्रे चांगली टिकली आहेत. रंगीत चित्रांचे रंग मात्र उडू लागले आहेत, त्यांच्या प्रती आधी कराव्यात. निगेटिव्ह सापडल्या तर त्या फेकू नयेत. तरुण मुलांकडे आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि त्यात हजारो चित्रे आहेत. त्यांनी आजी-आजोबांजवळ बसून नावे उतरवून घ्यावीत. त्या निमित्ताने ती मुले दोन तास मराठीत बोलतील, हा फायदा वेगळाच.

आणि एक पथ्य पाळावे. त्या चित्रांत मराठी नसलेलेही चेहरे आहेत. नाटकाला पडदा पुरविणारे सरदारजी, गणपतीपुढे भजन म्हणणाऱ्या तेलुगू बाई, मंडपाचे बांबू रोवणारा जवळच्या खेड्यातला छत्तीसगढी मजूर, कोपऱ्यात टोपी घालून उभा असलेला एखादा रशियन. त्यांचीही नावे शोधून लिहावीत. आपले मंडळ मोठे कशासाठी झाले आणि त्यात कोणाकोणाचे हात लागले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या संग्रहात सापडेल. पन्नास वर्षांनी शताब्दीला जमणारी मंडळी आपल्याला त्यावरूनच ओळखतील. तोपर्यंत आशियात सर्वांत मोठे काय आहे, हे बहुधा अनेकदा बदललेले असेल.

या कामासाठी पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. प्रत काढण्याचे साहित्य माझे. अल्बम आणि आठवणी तुम्ही आणाव्यात. ज्यांना बाहेर पडणे होत नाही त्यांच्या घरी मी आणि दोन तरुण सभासद येऊ. ज्येष्ठांनी आम्हाला बोलवावे आणि बोलताना हात राखू नये.